पिवळ्या चौकोनातला घट

माझ्या धाकट्या बहिणीला देवाधर्माचं फार. मला नाही. यावरून आमची लहानपणापासून जुंपते. ती उपास करणार आणि मी मुद्दाम तिच्यासमोर बसून भजी खाणार, असा प्रकार. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाले. मी शिकले आणि शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. ती शिवणात हुशार. अंधेरीला एमआयडीसीत कपड्यांच्या एका एक्सपोर्टवाल्याकडे मशीनवर बसली आणि लग्नानंतर मरोळलाच राहिली. हे एवढं सांगते, कारण पुढे जे झालं त्यात तिची भक्ती आली आणि माझं इंग्रजीही आलं, आणि दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्या कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवले जात आणि जवळपास सगळा माल युरोपातल्या एकाच कंपनीला जाई. कारखाना त्या कंपनीचा नव्हता. मालक इथलाच, बायका त्याला शेठ म्हणायच्या. पण राज्य चालायचं ते युरोपवाल्यांच्या नियमांचं. प्यायचं पाणी कुठे ठेवायचं, संडास किती हवेत, कात्री दोरीने कशी बांधून ठेवायची, सगळं तिकडून लिहून आलेलं. त्यातलाच एक नियम म्हणजे पिवळा चौकोन. शिलाईच्या हॉलच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी दार होतं, आग लागली तर बाहेर पडायला. त्या दारासमोर जमिनीवर पिवळ्या रंगाने मोठा चौकोन आखलेला. त्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. कापडाचा गठ्ठा दिसला की सुपरवायझर अख्खा हॉल डोक्यावर घ्यायचा.

आता तुम्हीच बघा. सगळीकडे चिंध्या, दोऱ्याचे तुकडे, पायाखाली वायरी. बसायला स्टूल, पण डबा उघडायला जागा नाही. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एकच जागा कायम मोकळी, रोज झाडलेली, जिथे चपलेने कोणी उभंही राहत नाही. नवरात्रात घट बसवायचा तर बायकांना दुसरी कुठली जागा सुचणार? सुचली माझ्या बहिणीलाच. शेठने लगेच हो म्हटलं. बायका नवरात्रात रजा मागणार नाहीत, एवढंच त्याने पाहिलं असणार. तेलाचा दिवा लावायचा नाही अशी अट घातली, म्हणून बायकांनी बॅटरीवरचा दिवा आणला. परडीत माती, मातीत धान्य, मधोमध कलश, वरून रोज एक माळ. एकदा बसवलेला घट दसऱ्यापर्यंत जागेवरून हलवायचा नाही, हा रिवाज आमच्या कोकणातल्या घरात जसा, तसाच तो तिथेही पाळला जायचा. मागचं दार कोणी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. माल चोरीला जातो म्हणून शेठने त्याला बाहेरून कुलूप घातलं होतं, आणि हे हॉलमधल्या एकीलाही माहीत नव्हतं.

पुढे त्या कारखान्याला आग लागली. तिच्या आदल्या वर्षी, नवरात्रातच, युरोपातल्या कंपनीचा माणूस पाहणीला आला. तो येणार म्हटल्यावर साफसफाई झाली, कोणी काय विचारलं तर काय सांगायचं ते सुपरवायझरने पढवलं. बहिणीने मला फोनवर सगळं रंगवून सांगितलं होतं. उंच, लालबुंद, घामाघूम झालेला माणूस. घट बघितला आणि स्वतःहून बूट काढले, वाकून पाया पडला. बायका खूश. त्याला टिळा लावला, प्रसाद दिला. त्या दिवसाचा रंग हिरवा होता, सगळ्या हिरव्या साड्यांत. तो त्यांच्यामध्ये मांडी घालून बसला आणि फोटो काढून घेतला.

"झकास माणूस गं ताई," ती म्हणाली. "आपले लोक तरी एवढा मान देतात का?"

"दार बघितलं का त्याने?" असं मी विचारायला हवं होतं, असं आता वाटून काय उपयोग. मला त्या वेळी दार आहे हेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "साडी कुठली नेसलीस?"

पुढच्या वर्षी सहाव्या माळेला दुपारी आग लागली. इस्त्रीच्या विभागात वायर पेटली आणि शेजारी कापलेल्या कापडाचे ढीग होते. पुढच्या जिन्यात धूर भरला, म्हणून शिलाईच्या हॉलमधल्या बायका मागच्या दाराकडे धावल्या. सगळ्यांच्या पुढे माझ्या बहिणीची मैत्रीण होती. ही मढची कोळीण. नवऱ्याची होडी, पण जाळ्यात पहिल्यासारखं काही लागत नाही म्हणून ती शिवणाला आली होती. रोज खाडी ओलांडणारी तर, म्हणजे होडी, पकडून वर्सोव्याला उतरायची आणि तिथून अंधेरी. दोघींची मशीनं शेजारी शेजारी. माझ्या सोवळ्या बहिणीला सोडे आणि जवळा खायची चटक हिनेच लावली.

ती चौकोनाशी पोचली आणि थांबली. घट तिथे होता. लाथ कशी मारणार? ती खाली वाकली, परडी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला नेऊन ठेवली. कलश हिंदकळू नये म्हणून सावकाश. मागच्या बायका तेवढा वेळ थांबल्या. कोणी तिला ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही. मग तिने दाराची कडी ओढली, आणि दार उघडलं नाही.

माझी बहीण सगळ्यांत मागे होती, परडी उचललेली तिने तिथूनच पाहिली. दार उघडत नाही हे तिला पुढच्यांच्या किंकाळ्यांवरून कळलं आणि ती उलटी फिरून संडासाच्या खिडकीकडे गेली. तापलेल्या गजांना धरून तिने ती खिडकी उखडली, आणखी काही जणींना बाहेरच्या पत्र्यावर ओढलं. तिचे हात त्यात गेले. म्हणजे आहेत, पण बोटं वाकडी होऊन राहिली आहेत. सुई सोडा, वरणाचा डावही नीट धरता येत नाही. मैत्रीण आणि तिच्यासोबतच्या बायका दाराशीच सापडल्या.

सगळ्यांनी तिला सांगितलं की दाराला कुलूप होतं, घट नसता तरी ते उघडलं नसतं. मी सांगितलं, तिच्या नवऱ्याने सांगितलं, हॉस्पिटलातल्या नर्सने सांगितलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तेच तर. कुलूप आहे हे त्यांना लगेच कळलं असतं तर खिडकीकडे वळायला वेळ मिळाला असता. तो वेळ घट उचलण्यात गेला. घट मी मांडला."

मी इंग्रजीची बाई, वादात कोणाला हार जात नाही, पण इथे हरायचे. मग मी चिडायचे. तुझी देवी, तुझे घट, असं काहीबाही बोलून जायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

शेठला अटक झाली, जामीन झाला. चौकशी बसली. अहवाल येऊ दे, मग पुढचं बघू, असं जो तो सांगायचा. वकील, पुढारी, आमचे नातेवाईक, सगळे. आम्ही साधी माणसं, अहवालाची वाट बघत बसलो. तो अजून आलेला नाही.

त्या वाट बघण्यात बराच काळ गेल्यावर युरोपातून एक वकीलबाई आली. तरुण, बारीक केस कापलेली. तिथल्या कुठल्याशा संस्थेसाठी काम करायची. कामगार संघटनेच्या मरोळच्या खोलीत आम्ही जमलो आणि भाषांतराला मी बसले. तिचं म्हणणं असं, की माल घेणारी कंपनी तिच्याच शहरातली आहे, तेव्हा कंपनीला तिथल्या कोर्टात खेचता येईल.

"पण कंपनी म्हणेल, कारखाना आमचा नाही," मी म्हटलं.

"म्हणेलच. तिचा करार शेठशी. तुमच्या बायका त्या करारात कुठेच नाहीत. म्हणून आम्ही करारावर जात नाही. माझ्या भिंतीमुळे शेजाऱ्याला इजा झाली तर मी जबाबदार, हा साधा घरगुती कायदा आमच्याकडे आहे, तुमच्याकडेही आहे. जी कंपनी दारासमोरच्या जमिनीला कुठला रंग लावायचा हे ठरवते, ती शेजारी नाही का? लांबचा असला तरी शेजारीच. एवढंच आम्ही विचारणार."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. मग ती म्हणाली, कोर्ट आमचं असलं तरी इजा जिथे झाली तिथला कायदा लावावा लागतो.

"म्हणजे कोर्ट तुमचं आणि कायदा आमचा?"

"हो."

"मग तुमच्या जजला आमचा कायदा शिकवणार कोण?"

ती हसली. दोन्ही बाजू आपापले तज्ज्ञ आणतात, म्हणाली.

मग तिने पिशवीतून एक पुस्तक काढलं. गुळगुळीत कागदाचं, रंगीत. कंपनी दर वर्षी छापते, आम्ही जगभर किती जबाबदारीने वागतो हे सांगायला. मधल्या पानावर तो फोटो होता. लालबुंद माणूस, हिरव्या साड्या, घट, आणि मागे ते दार. खाली छापलेलं, की आमचे लोक स्थानिक संस्कृतीचा आदर करतात. मैत्रीण त्याच्या डाव्या हाताला, माझी बहीण उजव्या हाताला, दोघी दात काढून हसताहेत. बहिणीने पुस्तक मांडीवर घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

संघटनेचा वकील आमचाच, लालबागकडचा, तोंडाने फटकळ. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हिला समजवा ना. जबानीत घटाचा विषय काढू नको म्हणावं. विचारलं तरच सांगायचं. समोरचे त्याचंच भांडवल करतील. केसची वाट लागेल."

बहिणीने ऐकलं होतं. "मी सांगणार," ती म्हणाली. "घट मी मांडला, जागा मी दाखवली, सगळं लिहा."

"अगं पण कशाला?"

"फोटोत आहे ना तो. मी पण आहे."

मी त्या वकीलबाईला इंग्रजीत सांगितलं, की माझी बहीण स्वतःलाच दोषी धरून बसली आहे. ती उठून बहिणीशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "हा फोटो त्यांच्या विरुद्धचा आहे. दारासमोर काय आहे ते त्यांच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं. त्याने बूट काढले, पण दार उघडून पाहिलं नाही. ते पाहणं हेच त्याचं काम होतं. तुमचं नव्हतं."

मी भाषांतर केलं. बहिणीने मान वर केली. "हे जज म्हणेल?"

"म्हणायला हवं."

"मग मी सही करते. बाकी मला काही नको. एवढं त्याच्या तोंडून आलं की बस."

पेन तिच्या बोटांत धड राहत नव्हतं. तिने ते मुठीत धरलं आणि पाटीवर लिहिणाऱ्या पोरासारखी सही केली.

त्यानंतरच्या काळात मी तिला जेवढं सुधारताना पाहिलं तेवढं आगीनंतर कधीच पाहिलं नव्हतं. जेवायला लागली, माझ्याशी भांडायला लागली. कोर्टात काय बोलायचं ते तिने पाठ केलं. व्हिडिओवरून जबानी होणार होती. मी मुलुंडहून आले की मला समोर बसवायची आणि जज करायची. "ताई, तू हसू नको, जज हसत नाही," म्हणून दटावायची. दार, चौकोन, घट, तिची मैत्रीण परडी कशी उचलून ठेवते, सगळं क्रमाने. शेवटी एक वाक्य तिचं स्वतःचं होतं, "साहेब, तो माणूस आमच्या देवीच्या पाया पडला तेव्हा आम्हाला वाटलं, आता आमची काळजी घेणारं कोणी आहे." ते वाक्य आलं की माझ्यातल्या जजचं काही खरं नसायचं.

कंपनीचं उत्तर आलं. कारखाना आमचा नाही, हे एक. बाहेर पडायची वाट कामगारांनीच धार्मिक कारणासाठी अडवली होती, हे दुसरं. आणि भारतीय कायद्याप्रमाणे असा दावा लावायची मुदत केव्हाच संपली, हे तिसरं. तिसऱ्याच्या पाठीशी वांद्र्याकडच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या इथल्याच एका बड्या वकिलाचं मत जोडलं होतं. छान इंग्रजी, मी शाळेत शिकवते त्याहून कितीतरी छान. अहवाल येईपर्यंत थांबा म्हणणारी माणसं इथली, थांबलात म्हणून मुदत गेली म्हणणारा माणूसही इथलाच. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो कागद मी टराटरा फाडला. मग संघटनेकडून दुसरी प्रत मागून आणावी लागली.

बहिणीने मला फक्त दुसरा मुद्दा पुन्हा वाचायला लावला. "बघ," ती म्हणाली, "ते पण तेच म्हणतात."

"ते पैसे वाचवायला म्हणतात गं."

"कशाला का म्हणेनात."

तिकडच्या कोर्टाने ठरवलं की आधी मुदतीचा तेवढा मुद्दा निकाली काढू. म्हणजे जबानी लांबली. तरी ती पाठ करतच राहिली. मग एका संध्याकाळी वकीलबाईचा व्हिडिओ कॉल आला. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. बहीण माझ्या शेजारी, केस विंचरून, नवी साडी नेसून बसली होती, जणू आजच बोलायचंय.

दावा मुदतीबाहेर म्हणून फेटाळला होता. तिकडच्या कायद्याने कदाचित वेळ उरला असता, पण इजा इथली म्हणून मुदतही इथली धरली. वकीलबाई हळू बोलत होती, मधे मधे थांबत होती. म्हणाली, आमच्याकडे आता नवा कायदा झालाय, कंपन्यांनी लांबच्या कारखान्यांकडेही बघायलाच हवं असा, पण तो तुमच्या आगीला लागू नाही, आणि झाल्या झाल्या तो सैल करायचंही चाललंय. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"दाराचं काय म्हणाले?" बहिणीने विचारलं.

मी विचारलं. वकीलबाईने निकालातलं एक वाक्य वाचून दाखवलं. मुदत संपल्यामुळे, चूक कोणाची या प्रश्नात जाण्याची कोर्टाला गरज वाटत नाही.

मला ते बदलून सांगता आलं असतं. तिला इंग्रजी येत नाही. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी होतं तसं सांगितलं.

"म्हणजे घटाचं काहीच नाही?"

"नाही गं."

"माझी चूक नाही, असंही नाही म्हणाले?"

"ते त्या विषयाला शिवलेच नाहीत."

तिने पदर सारखा केला आणि स्क्रीनकडे बघून वकीलबाईला नमस्कार केला, त्या वाकड्या बोटांनी. ती बिचारी तिकडे रडायला लागली. कंपनीने त्याच आठवड्यात पत्रक काढलं, की झाल्या प्रकाराचं आम्हाला अतीव दुःख आहे. माल आता ते दुसऱ्या देशातून घेतात.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, मढला जायचंय. निकाल मैत्रिणीच्या घरच्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. मी नको म्हटलं, फोन कर म्हटलं, पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय? वर्सोव्याहून तरीने पलीकडे गेलो. मैत्रिणीचा नवरा समुद्रावर गेला होता. घरी सासू होती. अंगणात बोंबील वाळत टाकले होते आणि ती खाली बसून जवळा निवडत होती. बहिणीला पाहून तिने हात पुसले, आम्हाला बसायला पाट दिले, पाणी दिलं. आगीनंतर तिने बहिणीला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

बहिणीने सांगितलं की निकाल लागला.

"मंग काय बोलला जज?" म्हातारीने विचारलं. "कोनाची चूक?"

मुदत, मुद्दा, इकडचा कायदा, तिकडचं कोर्ट, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी सुरुवात करणार तोच बहीण म्हणाली,

"माझी."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूहळू मान हलवली, बऱ्याच काळापासून हवं असलेलं उत्तर मिळाल्यासारखी, आणि पुन्हा जवळ्यात हात घातला. मला ओरडायचं होतं, की असं कोणीही म्हटलेलं नाही. पण त्यावर म्हातारी विचारणार, मग काय म्हटलं? आणि मला सांगावं लागणार, की काहीच नाही.